बहिणाबाईंची जबानी

वकिली पेशातल्या माणसाला एक खोड जडते. कोणी काही सांगू लागला की त्याच्या मनात आधी तीन प्रश्न उभे राहतात. सांगणारा कोण, त्याने हे स्वतः पाहिले की नुसते ऐकले, आणि हे सांगण्यात त्याचा लाभ कोणता? संतचरित्रे वाचताना ही खोड आम्हांस फार आडवी येते. महिपतीबुवांनी १७६२ मध्ये ‘भक्तविजय’ सिद्ध केला, तेव्हा त्यांतील बहुतेक संत शंभर, दोनशे, चारशे वर्षांपूर्वी होऊन गेलेले होते. त्या चरित्रांची गोडी अवीट आहे, परंतु न्यायाच्या भाषेत बोलायचे तर तो सारा ऐकीव पुरावा होय. सतराव्या शतकातील एका मराठी स्त्रीने मात्र स्वतःच्या आयुष्याची हकिकत स्वतःच्या तोंडाने, अभंगांत सांगून ठेवली आहे. ती स्त्री म्हणजे शिऊरच्या संत बहिणाबाई.

येथे प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. बहिणाबाई म्हटले की आजच्या वाचकाला खानदेशच्या बहिणाबाई चौधरी आठवतात. त्या १८८० ते १९५१ या काळात होऊन गेल्या, आणि त्यांच्या कविता त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये, पुत्र सोपानदेव यांच्यामुळे जगापुढे आल्या. आम्ही ज्यांच्याविषयी लिहीत आहो त्या बहिणाबाई त्यांच्याहून अडीचशे वर्षांनी वडील. त्यांचा जन्म १६२८ चा, वेरूळजवळच्या देवगाव रंगारी येथला. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. दोघींच्या बाबतीत आईचे शब्द जपणारा पुत्र होता, हे साम्य मात्र ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्याकडे आम्ही शेवटी वळूच.

बहिणाबाईंचे लग्न झाले तेव्हा त्यांचे वय तीन वर्षांचे होते. वर शिऊरचे पाठक. विद्वान, बिजवर, आणि वयाने तिशीचे. वधूवरांच्या वयांतले हे अंतर त्या काळी कोणाच्या भुवया उंचावणारे नव्हते. लग्नाच्या सुमारास, १६३० ते १६३२ या वर्षांत, दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. ज्या दुष्काळात देहूच्या तुकोबांचे दिवाळे निघाले व घरची माणसे दगावली, तो हाच. पुढे बहिणाबाई नऊ वर्षांच्या असताना भाऊबंदांच्या वादापायी कुलकर्णी कुटुंबाला गाव सोडावे लागले. आईबाप, जावई व मुलगी अशी ही मंडळी गोदाकाठाने भिक्षा मागत हिंडली, पंढरपुरास गेली, शिखर शिंगणापूर पाहून रहिमतपुरास राहिली, आणि शेवटी कोल्हापुरास येऊन स्थिरावली. तेव्हा बहिणाबाईंना अकरावे वर्ष लागले होते.

कोल्हापूर हे आम्हां धारवाडकरांना परके नव्हे. पुण्याच्या वाटेवर आमची गाडी तेथूनच पुढे जाते. त्या वेळी तर कोल्हापूर आणि धारवाड ही दोन्ही गावे विजापूरच्या एकाच अमलाखाली होती. ज्या प्रसंगातून बहिणाबाई कवयित्री झाल्या, तो प्रसंग अशा रीतीने आमच्या शेजारचा आहे.

प्रसंग दिसायला साधा आहे. कोल्हापुरास त्यांच्या पतीला कोणी एक गाय दान दिली. तिला वासरू झाले, आणि त्या वासराला या मुलीचा असा लळा लागला की ती पाण्याला निघाली तरी ते मागे, कथेला निघाली तरी मागे. त्या दिवसांत जयरामस्वामी वडगावकरांची कीर्तने कोल्हापुरात होत होती. मुलगी कीर्तनाला जाऊ लागली तशी वासरूही जाऊ लागले. एके रात्री गर्दी झाली म्हणून लोकांनी वासरू बाहेर हाकलले. ते हंबरू लागले. ही रडू लागली. स्वामींना कळताच त्यांनी वासराला आत आणविले आणि दोघांच्याही मस्तकावरून हात फिरविला. दुसऱ्या दिवशी गावात चर्चा झाली आणि ती पतीच्या कानावर गेली. त्याने बायकोला केसांना धरून मारले आणि गोठ्यात बांधून घातले. गायीने व वासराने चारा सोडला, तेव्हा कोठे तिला सोडण्यात आले. पुढे ते वासरू मेले आणि मुलगी तीन दिवस बेशुद्ध पडली. चौथ्या दिवशी तिला प्रथम विठोबाचे आणि मागाहून तुकोबांचे दर्शन स्वप्नात झाले. कार्तिक वद्य पंचमी, रविवार, अशी तिथी व वार ती सांगते. अभ्यासक ही घटना १६४० च्या सुमाराची मानतात.

साक्षीदाराची परीक्षा करणाऱ्या माणसाचे लक्ष येथे थांबते. स्वप्नात काय दिसले याचा निवाडा कोणतेही न्यायालय करू शकणार नाही, आम्हीही करीत नाही. परंतु ज्या स्त्रीने आपल्या पतीची निंदा करणे पाप मानले, तिनेच मार, केस, दोर व गोठा ही सारी तपशीलवार सांगून ठेवावीत, याला पुराव्याच्या दृष्टीने फार मोल आहे. स्वतःच्या भूमिकेला गैरसोयीचे असलेले विधान जो साक्षीदार आपण होऊन करतो, त्यावर विश्वास ठेवण्यास आधार अधिक असतो. बहिणाबाईंना येथे काही मागायचे नव्हते. ना पोटगी, ना दाद. घडले तेवढे त्या सांगतात.

पतीचा युक्तिवादही त्यांनी दडवून ठेवला नाही. आपण वेदपठण करणारे ब्राह्मण, आणि बायकोने वाणी जातीच्या, शूद्र मानल्या गेलेल्या तुकोबांना गुरू करावे. लोक तिच्या दर्शनाला यावेत आणि आपल्याला कोणी विचारू नये, हे त्याला सोसवेना. बायको गर्भवती असतानाच तिला माहेरच्यांच्या हवाली करून घर सोडण्याचे त्याने ठरविले. नेमका त्याच वेळी तो दुखण्याने खिळला. तिने त्याची सेवा केली, आणि आजारातून उठलेला हा मनुष्य बदलला. पुढे तोच तिला घेऊन देहूस गेला. आम्हांस हे परिवर्तन चमत्काराइतकेच महत्त्वाचे वाटते, कारण ते तिने प्रामाणिकपणे, दोन्ही बाजूंनी सांगितले आहे.

देहूसही सुख नव्हते. तेथील मंबाजी गोसाव्याने तिने आपले शिष्यत्व पत्करावे असा आग्रह धरला. ते न जमताच त्याने छळ आरंभिला, त्यांच्या गायीला बेदम मारले, आणि एका शूद्राच्या पायां ब्राह्मण पडतात अशी तक्रार पुण्यास लिहून धाडली. तुकोबांच्या पाठीवर त्या गायीच्या माराचे वळ उठले, असे बहिणाबाई सांगतात. तुकोबांच्या वह्या तेरा दिवस पाण्यात राहून वाचल्या ही वार्ताही त्यांच्या अभंगांत येते. शके १५७१ मध्ये तुकोबांचे निर्वाण झाले. त्यांच्या हयातीत त्यांना डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचे एवढे सविस्तर बोलणे दुसरीकडे क्वचितच सापडेल. तुकोबांच्या चरित्राच्या अभ्यासकाला या एका बाईच्या दाराशी यावेच लागते.

देहूसच त्यांना काशी नावाची मुलगी झाली. मुलगी झाल्यावर आत्महत्येचा विचार त्यांच्या मनात आला, असे त्याच सांगतात. त्या विचारातून बाहेर पडतानाच त्यांना काव्यस्फूर्ती झाली. म्हणजे त्यांची कविता फावल्या वेळची करमणूक नव्हती. मरणाच्या कडेवरून मागे फिरण्याची ती वाट होती.

आता वाचकांना क्षणभर समुद्रापार नेतो. बहिणाबाई जन्मल्या त्याच १६२८ मध्ये इंग्लंडात अॅन डडली या सोळा वर्षांच्या मुलीचे लग्न सायमन ब्रॅडस्ट्रीट यांच्याशी झाले. १६३० मध्ये, म्हणजे आमच्याकडे दुष्काळ पडला त्याच वर्षी, पती व आईबापांबरोबर ‘आर्बेला’ जहाजातून ती अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत उतरली. तिचे वडील व पुढे तिचे पती हे दोघेही त्या वसाहतीचे गव्हर्नर झाले. इप्सविच व अँडोव्हर या वस्त्यांत राहून, आठ मुलांना वाढवीत तिने कविता लिहिल्या. तिचे मेहुणे जॉन वुडब्रिज यांनी हस्तलिखित लंडनला नेले आणि १६५० मध्ये तो संग्रह छापून निघाला. अमेरिकेत राहणाऱ्या कवीचा छापला गेलेला हा पहिला काव्यसंग्रह, आणि तो एका स्त्रीचा. ही कविता खरोखर बाईनेच केली आहे, आणि तीही घरकामात कसूर न करता, झोपेतल्या थोड्या घटका काढून केली आहे, असा निर्वाळा वुडब्रिज यांनी प्रस्तावनेत दिला! पुरुषाच्या पुस्तकाला असा दाखला कोणी मागितला नसता. १६६६ च्या जुलैत तिचे घर जळाले, आणि १६७२ मध्ये ती निवर्तली.

कवितेहूनही आमच्या पेशाला चाळवणारी एक गोष्ट येथे आहे. १६४१ मध्ये मॅसॅच्युसेट्सने आपल्या रहिवाशांच्या हक्कांची सनद मंजूर केली. तिच्या ८० व्या कलमात असे म्हटले आहे की, विवाहित स्त्रीला पतीकडून मारहाण होता कामा नये. अपवाद एवढाच की तिने हल्ला केला असता तो स्वतःचा बचाव करू शकेल. हे कलम कागदावर उतरले त्याच्या आगेमागेच कोल्हापुरात एक बारा वर्षांची मुलगी गोठ्यात बांधली गेली होती. आणखी एक योग पाहा. त्या सनदेचा मसुदा करणारे नथॅनियल वॉर्ड हे इप्सविचचे धर्मोपदेशक, आणि अॅन ब्रॅडस्ट्रीटच्या पुस्तकाला आरंभी प्रशंसापर पद्य जोडणाऱ्यांत हेच वॉर्ड होते. ज्या हाताने बायकोला मारू नये असे लिहिले, त्याच हाताने बाई कविता करते याची थोडी थट्टेने का होईना, वाहवा केली.

परंतु यावरून तेथे रामराज्य होते असे मानण्याचे कारण नाही. त्याच वसाहतीने १६३७ मध्ये अॅन हचिन्सन या बाईवर खटला चालविला. घरी बायकापुरुष जमवून ती प्रवचनांचा अर्थ सांगत असे, हा तिच्यावरील आरोपांपैकी एक. न्यायासनावर बसलेल्यांत कवयित्रीचे वडील व पती दोघेही होते. हचिन्सनबाईंना वसाहतीबाहेर काढण्यात आले. १६४५ मध्ये गव्हर्नर विन्थ्रॉप यांनी आपल्या रोजनिशीत एका प्रतिष्ठित गृहिणीविषयी लिहिले की, वाचन व लेखन यांच्या अतिरेकाने तिची बुद्धी भ्रष्ट झाली. म्हणजे पाठीवरचा मार कायद्याने वर्ज्य झाला तरी तोंडावरचे बंधन कायमच होते. आमच्याकडे पाठीला संरक्षण नव्हते. परंतु कीर्तनाच्या मंडपात बाई वासरासह बसू शकत होती, आणि एक स्वामी तिच्या मस्तकावर हात ठेवू शकत होता. दोन्ही समाजांच्या वह्या शेजारी ठेवल्या की कोणाच्या जमेला काय व कोणाच्या नावे काय, हे सांगताना मनुष्य सावध होतो.

दुसरा फरक छापखान्याचा. हा फरक आमच्या कोंकणी वाचकांना विशेष जाणवेल. बहिणाबाईंच्या काळी हिंदुस्थानात छापखाना नव्हता असे नाही; गोव्यात तो १५५६ पासून होता. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. त्यांचे कोंकणी भाषेचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये तेथेच निघाले. बहिणाबाईंना तुकोबांचे स्वप्न पडले त्याच सुमारास. एका इंग्रज पाद्र्याची मराठी कविता छापून तयार होती, आणि मराठी बाईची कविता मात्र मुखाने व हाताने एका वहीतून दुसऱ्या वहीत चालत राहिली. ती टिकली हे वारकऱ्यांचे व शिऊरकरांचे उपकार. वारकरी परंपरेला मंदिराची उपमा देऊन पाया कोणी घातला व कळस कोणी झाला हे सांगणारा त्यांचा अभंग ज्याने ऐकला नाही असा मराठी माणूस विरळा. तो रचणारीचे नाव मात्र पुष्कळांना ठाऊक नसते.

त्यांचे आत्मकथन इंग्रजीत नेण्याचे काम पुन्हा एका अमेरिकन गृहस्थाने केले. अमेरिकन मराठी मिशनमध्ये दीर्घकाळ राहिलेले रेव्हरंड जस्टिन अॅबट यांचा अनुवाद १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला. या मिशनची मूळ संस्था बोस्टनची, आणि तिच्या वतीने १८१३ मध्ये मुंबईत उतरलेल्या पहिल्या मंडळींपैकी सॅम्युएल नॉट हे अँडोव्हरच्या धर्मविद्यालयात शिकलेले. ज्या गावी ब्रॅडस्ट्रीटबाईंनी देह ठेवला, त्या गावापासून निघालेला धागा असा फिरून शिऊरपर्यंत आला. १९२९ हे साल कायद्याच्या इतिहासातही लक्षात राहण्यासारखे आहे. मुलीचे लग्न चौदा वर्षांच्या आत होऊ नये असे ठरविणारा शारदा कायदा त्याच वर्षी झाला. तीन वर्षांच्या वयात बोहल्यावर चढलेल्या मुलीची जबानी आणि तिच्यासारख्यांसाठी केलेला कायदा, दोन्ही एकाच वर्षी जगापुढे आली. कोणी ठरवून हे केले नव्हते.

आता अवघड प्रश्नाकडे येतो. बहिणाबाईंनी पतिव्रताधर्मावर अभंग रचले आहेत. पतीची सेवा हाच आपला धर्म, असे त्या ठासून सांगतात. वेदांचा अधिकार स्त्रीदेहाला नाही, मग परमार्थ साधावा कसा, ही खंतही त्यांनीच बोलून दाखविली आहे. काही वाचक पहिले अभंग पुढे करून त्यांना आदर्श गृहिणी ठरवितात, काही दुसरे पुढे करून त्यांना बंडखोर ठरवितात. एकाच साक्षीदाराच्या जबानीतील सोयीची वाक्ये तेवढी वाचून दाखविणे हा आमच्या धंद्यातला जुना डाव आहे. ग्रंथाच्या बाबतीत तो करू नये. पूर्ण जबानी वाचली की दिसते ते असे. त्यांनी पतीला सोडले नाही आणि गुरूलाही सोडले नाही. मार खाल्ला, तरी तुकोबांचे नाव टाकले नाही. संसार हेच त्यांचे रणांगण होते, आणि तेथून पळून न जाता त्यांनी आपली गोष्ट पुरी केली. यात आम्ही माराचे समर्थन शोधीत नाही. पती मागाहून सुधारला म्हणून आधीचा गुन्हा पुसला जात नाही, हे न्यायाचे साधे तत्त्व आहे.

कन्नड वाचकांना हा पेच नवा वाटणार नाही. म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांच्या दरबारी, राणीच्या सेवेत विड्याची चंची सांभाळणारी संचि होन्नम्मा ही बहिणाबाईंचीच समकालीन. तिच्या ‘हदिबदेय धर्म’ या काव्याचा विषय पातिव्रत्य हाच, आणि त्याच काव्यात मुलगा बरा व मुलगी वाईट मानणाऱ्यांना ती जाबही विचारते. सीतेच्या धर्माचा आधार घेऊन बोलल्यावाचून त्या शतकात बाईचे बोलणे ऐकले गेले नसते, असे आम्हांस वाटते.

बहिणाबाईंचे धैर्य पाहायचे तर त्यांची ‘वज्रसूची’ पाहावी. या नावाचा मूळ संस्कृत ग्रंथ परंपरेने अश्वघोषाचा मानला जातो, आणि त्याच नावाचे उपनिषदही आहे. तो विषय बहिणाबाईंनी अभंगांत आणला. ब्राह्मण म्हणजे कोण? जीव म्हणावा, तर जीव सर्वांचा सारखा. देह म्हणावा, तर पंचमहाभूते सर्वांची तीच. जन्म म्हणावा, तर कितीतरी थोर ऋषी ब्राह्मण कुळाबाहेर जन्मले. विद्या म्हणावी, कर्म म्हणावे, तर तेही इतरांपाशी आहे. एकेक उत्तर पुढे घेऊन ते खोडून काढायचे आणि शेवटी ब्रह्म जाणणारा तोच ब्राह्मण एवढे शिल्लक ठेवायचे, अशी ही उलटतपासणी आहे. वेदाभिमानी पतीच्या घरात, शूद्र म्हणविलेल्या गुरूच्या शिष्येने हा विषय हाती घ्यावा, याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. जो प्रश्न कोल्हापुरात तिच्या पाठीवर उमटला होता, त्याचे हे सविस्तर उत्तर होय.

देहूनंतर त्यांचे उर्वरित आयुष्य मुख्यतः शिऊरला गेले. १७०० मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. वैजापूर तालुक्यातील शिऊरला त्यांची समाधी आहे. मृत्यूपूर्वी पुत्र विठ्ठल सुनेच्या उत्तरक्रियेसाठी बाहेर गेला होता, त्याला त्यांनी पत्र लिहून बोलावून घेतले आणि आपल्या मागल्या बारा जन्मांची कथा सांगितली. त्या सर्व जन्मांत तूच माझा पुत्र होतास, हा तेरावा जन्म शेवटचा, असे त्या म्हणाल्या. तिकडे अॅन ब्रॅडस्ट्रीटनेही आपल्या मुलांसाठी आत्मिक आयुष्याची लहानशी हकिकत लिहून ठेवली होती, आपल्यामागे त्यांना उपयोगी पडावी म्हणून. ती १८६७ पर्यंत छापली गेली नाही.

बारा जन्मांची ती साक्ष कोणत्याही कोर्टात दाखल होणार नाही, हे आम्ही जाणतो. तरी मृत्युशय्येवरून केलेल्या निवेदनाला कायदा वेगळे वजन देतो, कारण त्या घटकेला मनुष्य खोटे बोलत नाही असे मानले आहे. ज्या बाईचे तिसऱ्या वर्षी लग्न करताना कोणी तिला विचारले नव्हते, बाराव्या वर्षी गोठ्यात बांधताना कोणी तिचे म्हणणे ऐकले नव्हते, तिचे म्हणणे ऐकायला शेवटी तिचा मुलगा उशाशी बसला होता. त्याने ते ऐकून घेतले, आणि शिऊरकरांनी ते जपले. म्हणून आज तीनशे वर्षांनंतर आम्हां धारवाडकरांनाही ते ऐकता येते.